बेट कोणाचं, उन्हाळ्याचं की हिवाळ्याचं?

अमेरिकेची जनगणना माणसाला त्याच्या नेहमीच्या राहत्या घरी मोजते. म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या केप कॉडपासून सुमारे ४८ किलोमीटर दक्षिणेला असलेल्या नॅन्टकेट बेटावर ज्यांचे कोट्यवधी डॉलरचे बंगले आहेत, त्यांतले बहुतेक तिथल्या आकड्यात येतच नाहीत. तरीही तो आकडा २०१० मधल्या १०,१७२ वरून २०२० मध्ये १४,२५५ वर गेला. दहा वर्षांत ४० टक्के वाढ. कोविडच्या महासाथीत शहरं सोडून इथे येऊन राहिलेली काही सुखवस्तू कुटुंबंही त्यात असू शकतील. पण बेटाचा चेहरा बदलला तो एल साल्वाडोर, डॉमिनिकन रिपब्लिक, जमैका, बल्गेरिया, नेपाळ इथून आलेल्या सुतार, माळी, स्वयंपाकी, सफाई कामगारांनी आणि त्यांच्या मुलाबाळांनी. ज्याला जग धनिकांचं बेट म्हणतं, त्याची कायम वस्ती कष्टकऱ्यांच्या येण्यानं वाढते आहे.

वस्ती अशी बदलणं या बेटाला नवं नाही. १७६३-६४ च्या साथीत इथल्या मूळच्या वाम्पानोआग समाजातल्या ३५८ जणांपैकी २२२ जण दगावले. ज्यांची ही भूमी होती तेच जवळजवळ पुसले गेले, ही गोष्ट बेटाच्या वैभवाच्या कथेत ओझरती येते, आणि ते मला अन्यायाचं वाटतं. पुढे व्हेल शिकारीनं बेट जगाच्या नकाशावर नेलं. १८४० मध्ये इथे नऊ हजारांवर माणसं होती. मग बंदराच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या दांड्यानं मोठी जहाजं अडवली आणि धंदा मुख्य भूमीवरच्या न्यू बेडफर्ड बंदराला गेला. १८४६ च्या आगीत गावाचा मध्य जळाला, कॅलिफोर्नियातल्या सोन्यानं तरुण नेले, आणि खनिज तेलानं व्हेलच्या तेलाची गरज संपवली. १९२० पर्यंत वस्ती तीन हजारांच्याही खाली आली.

त्या गरिबीनंच जुनी घरं वाचवली, कारण पाडून नवी बांधायला पैसाच नव्हता. करड्या लाकडी फळ्यांची ती घरं पाहायला आधी पाहुणे आले, नंतर गिऱ्हाईकं आली. १९६० च्या दशकात वॉल्टर बायनेकी या उद्योजकानं बंदराचा मोठा भाग विकत घेऊन तिथे उंची पर्यटन उभं केलं. साध्या सहलीला येणाऱ्यांचं बेट तिथून श्रीमंतांचं होऊ लागलं.

बेटानं एक काम दूरदृष्टीनं केलं. १९८३ मध्ये कायदा करवून घेतला आणि जमीन-घरांच्या बहुतेक व्यवहारांवर दोन टक्के शुल्क लावलं. त्या पैशातून मोकळी जमीन विकत घेतली जाते. संवर्धन संस्थांच्या जमिनी धरल्या तर आज जवळपास निम्मं बेट बांधकामापासून सुरक्षित आहे. हे योग्यच झालं. पण माळरान वाचवणाऱ्या समाजानं त्याच जोमानं माणसांसाठी घरं राखली नाहीत. जमीन आटली, मागणी भडकली, आणि साध्या घराचीही किंमत लाखो डॉलरांत गेली. शिक्षक, नर्स, पोलीस यांनाही इथे घर परवडत नाही. हिवाळ्यात मिळालेली भाड्याची खोली मे महिन्यात सोडायची, पाहुणे गेले की पुन्हा शोधायची, असं अनेक कुटुंबांचं जगणं आहे. कितीतरी कामगार रोज बोटीनं मुख्य भूमीवरून ये-जा करतात. धुक्यानं किंवा वाऱ्यानं बोट थांबली की कामं थांबतात.

घरासारखाच अनेकांचा इथला मुक्कामही डळमळीत आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या स्थलांतर विभागानं नॅन्टकेट आणि शेजारच्या मार्थाज व्हिनयार्डवर मिळून सुमारे ४० जणांना पकडलं. स्थलांतराच्या कायद्याबद्दल कुणाचं मत काहीही असो, ज्यांच्या हातांवर बेट चालतं त्यांच्या पायाखालची जमीन किती भुसभुशीत आहे, हे तेव्हा दिसलं.

माझं मत स्पष्ट आहे. जानेवारीच्या थंडीत जो तिथे राहतो, ज्याची मुलं तिथल्या शाळेत जातात, तो बेटकरी. मग त्याचा जन्म कुठलाही असो. घराच्या मालकीनं हे नातं सिद्ध होत नाही. महागड्या घरांच्या विक्रीवर शुल्क लावून त्यातून कायम रहिवाशांसाठी घरं बांधू द्या, अशी मागणी बेटानं राज्याकडे वारंवार केली. २०२४ च्या गृहनिर्माण कायद्यातून विधिमंडळानं नेमकी ती तरतूद वगळली. हा निर्णय चुकीचा होता, आणि तो बदलायला हवा.