वारसा आणि त्याचें ऋण

एखाद्या वस्तूची गरज संपली म्हणजे तिचें सौंदर्य आपल्या दृष्टीस पडूं लागतें, असा सर्वसाधारण अनुभव आहे. वाफेच्या आगगाडीचें असेंच झालें. तिच्यावांचून गत्यंतर नव्हतें त्या काळीं प्रवासी तिच्या धुरास व डोळ्यांत जाणाऱ्या कोळशाच्या कणांस कंटाळत. आज तोच धूर पाहण्यासाठीं कुटुंबेंच्या कुटुंबें तिकिटें काढून जातात. हा आनंद सर्वस्वीं निर्दोष आहे काय, असा प्रश्न आम्हांस दार्जिलिंग येथें पडला.

१८८१ सालीं दार्जिलिंगास पोहोंचलेला हा दोन फूट रुंदीचा लोहमार्ग युनेस्कोनें १९९९ सालीं जागतिक वारशांत समाविष्ट केला. दार्जिलिंगहून ७,४०७ फूट उंचीवरील घूमपर्यंत जाऊन परत येणारी वाफेची गाडी सहलीकरितां चालते. वाटेंत बतासियाच्या चक्राकार वळणावर ती थोडा वेळ थांबते. आम्ही सर्वजण खालीं उतरलों व ढगांतून कांचनगंगा दिसते कीं काय हें पाहूं लागलों. इतक्यांत आमच्या बरोबरच्या आठ वर्षांच्या पुतणीनें विचारिलें, "काका, ते लोक कां नाहीं डोंगर बघत?" इंजिनावर एकजण कोळशाचीं ढेकळें फोडीत होता, दुसरा भट्टींत कोळसा टाकीत होता, निसरड्या रुळांवर वाळू टाकणारे दोघे पुढच्या बाजूस बसले होते.

त्यांस वेतन मिळतें, हें उत्तर आमच्या ओठांवर आलें. पण तें आमचें आम्हांसच पुरेसें वाटलें नाहीं. वेतनानें श्रमाचा मोबदला चुकता होतो; त्या श्रमाची जाणीव ठेवण्याचें कर्तव्य त्यानें फिटत नाहीं.

मग केवळ मनोरंजनासाठीं असे श्रम चालूंच कां ठेवावे, असें कोणी म्हणेल. पण श्रम स्वभावतः हीन नव्हेत. वेल्समधील टॅलिलिन रेल्वे पाटीचा दगड वाहण्यासाठीं १८६५ सालीं सुरू झाली. ती बंद पडण्याच्या बेतांत असतां १९५१ सालीं हौशी स्वयंसेवकांनीं चालविण्यास घेतली. तेव्हांपासून निरनिराळ्या व्यवसायांतील माणसें सुटीच्या दिवसांत तेथें विनावेतन भट्टी पेटवितात, रूळ दुरुस्त करितात. काजळी तीच, पण स्वेच्छेनें अंगास लागलेली. तथापि सोमवारीं आपल्या कचेरींत परतण्याची सोय असलेल्या मनुष्याच्या हौशीवरून, पोटासाठीं राबणाऱ्याच्या मनाचा अंदाज बांधणें हाहि अन्यायच होय. त्या कामगारास आपल्या कौशल्याचा अभिमान असेल, किंवा नुसता कंटाळाहि असेल. आम्हीं त्यास विचारिलेंच नव्हतें. परतल्यावर पुतणीच्या हट्टामुळें आम्ही इंजिनापाशीं गेलों, तेव्हां कोळसा फोडणाऱ्या गृहस्थांनीं हंसत आपला हातोडा तिच्या हातीं दिला. तिला तो उचलेना.

वारसा हा शब्द मुळांत मिळकतीच्या व्यवहारांतला आहे. आपल्या धर्मशास्त्राप्रमाणें बापाची मिळकत घेणारावर बापाचें ऋण फेडण्याचीहि जबाबदारी येई. येथील ऋण डोंगर फोडून मार्ग करणाऱ्यांचें व आज भट्टीपाशीं उभे राहणाऱ्यांचें आहे. सहल करूं नये असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. मात्र मुलांस हिमशिखर दाखविणाऱ्या आईबापांनीं त्यांस इंजिनापाशींहि न्यावें, आणि तेथें आपणहि थोडा वेळ थांबावें.