देण्याची तारीख

पेशवाईच्या दप्तरांत रोख साहाय्याची अनेक नावे आढळतात. शास्त्री-पंडितांना वा देवस्थानांना सालोसाल मिळे ते वर्षासन. रोजच्या योगक्षेमासाठी एखाद्यास बांधून दिलेली रक्कम तो रोजिना. आणि श्रावणमासी पुण्यात जमलेल्या ब्रह्मवृंदाला वाटली जाई ती दक्षिणा. या रकमा परत मागितल्या जात नसत. ज्या कुणब्याच्या साऱ्यावर हा सारा दानधर्म उभा होता, त्याच्या वाट्याला मात्र निराळा शब्द आला होता, तो तगाई. बी-बियाण्यासाठी, मेलेल्या बैलाच्या जागी दुसरा बैल घेण्यासाठी सरकारातून मिळे ती तगाई; पण ती कर्जाऊ असे आणि पीक हाती आले की वसूल होई. रयतेच्या हातात सरकारने परतफेडीच्या अटीवाचून रोकड ठेवावी, ही कल्पना म्हणूनच आपल्याकडे नवी वाटते. देणे नवे नाही, घेणारा नवा आहे.

ही जुनी नावे आठवण्याचे कारण असे की, अलीकडे खेड्यापाड्यांतून एका शब्दाची दिशाच फिरलेली मी पाहतो आहे. ‘हप्ता’ हा तो शब्द. आमच्या लहानपणी हप्ता म्हटला की तो भरावयाचा असे : शेतसाऱ्याचा, सोसायटीच्या कर्जाचा, सावकाराच्या व्याजाचा. आज गावच्या पाणवठ्यावर, पिठाच्या गिरणीपुढे, एसटीच्या थांब्यावर बायका एकमेकींना विचारतात, “हप्ता आला का गं?” आणि त्यांना अभिप्रेत असतो तो सरकारकडून आपल्या खात्यात येणारा पैसा. भाषेतील एवढे लहानसे परिवर्तन घडावयास दीडशे वर्षे लागली, असे मी म्हणेन. कारण त्याची पूर्वपीठिका 1875 सालापर्यंत मागे जाते.

त्या वर्षीच्या मे महिन्याच्या 12 तारखेस भीमथडी तालुक्यातील सुपे गावच्या बाजारात रयतेने सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि त्यांची कर्जखते व चोपड्या जाळल्या. पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलेला हा उठाव ‘दख्खनचे दंगे’ या नावाने इतिहासात नमूद आहे. त्याची चौकशी होऊन 1879 साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि 1883 मध्ये महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून या दुःस्थितीची मीमांसा केली. सावकाराचा लोभ, कोर्टकचेऱ्यांची जाचक पद्धती, कापसाच्या भावातील घसरण ही कारणे सर्वांस विदित आहेत. परंतु त्यांच्या तळाशी एक कारण काळाचे होते, आणि ते मला अधिक मूलगामी वाटते. सरकारला सारा रोख हवा असे आणि तो ठरल्या मुदतीत हवा असे. शेतकऱ्याची मिळकत मात्र पावसावर, पिकावर आणि बाजारभावावर, म्हणजे कोणतीही तारीख न पाळणाऱ्या तीन गोष्टींवर अवलंबून असे. घेणाऱ्याची तारीख पक्की आणि मिळवणाऱ्याची अनिश्चित, या दोहोंमधल्या फटीत सावकार उभा राहिला. त्याने विकला तो वेळ, आणि त्या वेळेची किंमत जमिनीच्या तुकड्यांनी चुकती करून घेतली.

ती फट अजून बुजलेली नाही. महिन्याच्या ठरावीक दिवशी वेतन घेणाऱ्या आपणांसारख्यांना ती जाणवत नाही, कारण आपले सारे गृहजीवनच त्या दिवसाभोवती रचलेले असते. कोरडवाहू शेतीवर आणि मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाचे वर्ष तसे नसते. सोयाबीन किंवा कापूस विकला त्या पंधरवड्यात हाती पैसा, पुढे खुरपणी-काढणीच्या दिवसांत रोजंदारी, आणि ज्येष्ठ-आषाढात, जेव्हा पेरणीचा खर्च, मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च आणि पावसाळी आजारपण ही तिन्ही एकाच वेळी दारात येतात, तेव्हा डबा रिकामा. मग दुकानदाराची उधारी सुरू होते. उधारीवर घेणाऱ्याला भाव विचारता येत नाही, माल पारखता येत नाही, दुसऱ्या दुकानाची पायरी चढता येत नाही. आणि सुगी झाली की धान्य घरात थोडे थांबवून भाव पाहण्याची सवड त्याला मिळत नाही, कारण घेणेकरी खळ्यावरच उभा असतो. दारिद्र्य म्हणजे पैशाचा अभाव खरा. पण खेड्यात राहिलेल्या माणसाला ठाऊक असते की, तो वेळेवर पैसा नसण्याचा शाप अधिक असतो.

या दृष्टीने पाहिले म्हणजे दरमहा येणाऱ्या अल्प रकमेचा अर्थ उलगडतो. महाराष्ट्रात जुलै 2024 पासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेखाली, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या 21 ते 65 वयाच्या स्त्रियांना महिना 1500 रुपये मिळू लागले. दिवसाचे ते 50 रुपये होतात, आणि 50 रुपयांत कोणाचा संसार चालत नाही, हा आक्षेप बरोबर आहे. परंतु 1500 रुपये येणार हे दुकानदाराला ठाऊक असणे आणि ते त्या बाईला ठाऊक असणे, याने दोघांच्या बोलण्याचा सूर बदलतो. तेलाची पिशवी रोखीने घेता येते. तापाने फणफणलेल्या पोराला तिसऱ्या दिवसाऐवजी पहिल्याच दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात नेता येते. भिशीत स्वतःच्या नावाने भाग घेता येतो.

हा अनुभव केवळ आपल्याकडचाच नाही. पूर्व आफ्रिकेतील केनिया देशाच्या पश्चिम भागात, रारिएडा या प्रदेशात, 2011 च्या सुमारास एका संस्थेने गरीब कुटुंबांना कसल्याही अटीवाचून रोख रकमा दिल्या आणि अभ्यासकांनी त्यांचा परिणाम तपासला. ज्यांना पैसा एकरकमी मिळाला त्यांनी तो अधिककरून टिकाऊ वस्तूंत घातला. ज्यांना तो दरमहा मिळाला त्यांच्या घरी खाण्यापिण्याची शाश्वती अधिक वाढली. शाकारलेल्या छपराच्या जागी पत्रा आला, गुरे वाढली, आणि मद्य-तंबाखूवरचा खर्च मात्र वाढला नाही. घरोघर आलेल्या या पत्र्याचे मोल ज्याने दर दोन-तीन पावसाळ्यांनी आपले छप्पर नव्याने शाकारले आहे त्याला सांगावयास नको.

आपल्या अधिक निकटचे उदाहरण माळव्यातले आहे. होळकरांच्या इंदूर परिसरातील आठ खेड्यांत 2011-12 मध्ये ‘सेवा’ या स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने गावातील प्रत्येक माणसास, जात वा उत्पन्न न विचारता, दरमहा रोख रक्कम दिली : प्रौढास आरंभी 200 आणि पुढे 300 रुपये, मुलास त्याच्या निम्मे, आणि मुलांचा पैसा आईच्या हाती. शेजारच्या बारा खेड्यांत काही न देता तुलना केली गेली. पैसा मिळालेल्या गावांत मुलींचे वजन वयाच्या मानाने सुधारले, कर्जाचा भार हलका झाला, आणि जे दुसऱ्याच्या शेतावर राबत होते त्यांतील पुष्कळांनी बियाणे-खत घेऊन स्वतःच्या तुकड्यावर काम वाढविले. फुकट मिळाल्याने माणूस हातावर हात ठेवून बसतो, या समजुतीला तिथे आधार सापडला नाही. ज्याच्यापाशी बी नाही तो मनुष्य आळशी दिसतो. त्याला बी मिळाले की तो कष्टाळू दिसू लागतो, मनुष्य तोच असतो.

तरीही बागायतदारांची तक्रार ऐकू येते की, या योजनांमुळे मजूर मिळेनासे झाले. ती मी तुच्छ लेखत नाही. भाव पाडून विकल्या जाणाऱ्या शेतमालातून मजुरी वाढवून देणे लहान शेतकऱ्यास खरोखरच जड जाते, आणि त्याचा उपाय शेतमालाच्या भावातच शोधावा लागेल. पण मजुराला ‘नाही’ म्हणता येणे हा दोष मानावयास माझे मन धजत नाही. हा अंक आपल्या हाती येईल त्या सुमारास बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या तालुक्यांतून ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर साखर कारखान्यांच्या वाटेला लागलेले असतील. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी तिथली गणती. सणापूर्वी मुकादमाने दिलेली उचल त्यांनी घेतलेली असते, ती लग्नात, आजारपणात, जुन्या देण्यात संपलेली असते, आणि आता ती फिटेपर्यंत थंडीच्या पहाटे फडात उभे राहण्यावाचून गत्यंतर नसते. उचल हीही रोकडच आहे. तीही गरजेच्या वेळी मिळते. मात्र ती माणसाला बांधून घेते. आणि कर्तव्य म्हणून दिलेला हप्ता, पुरेसा असेल तर, तीच गाठ सैल करतो. रोख साहाय्याची कसोटी माझ्या मते हीच असावी : ते घेतल्यानंतर माणूस कोणाचा मिंधा राहतो?

याच कसोटीवर काही योजना उणे ठरतात, हे बोलून दाखविणे प्राप्त आहे. झारखंडात रांचीजवळील नगडी तालुक्यात ऑक्टोबर 2017 पासून शिधावाटपाचे धान्य एक रुपया किलोने देण्याऐवजी अनुदान बँकेत जमा करावे आणि लोकांनी ते काढून 32 रुपये किलोने तांदूळ घ्यावा, असा प्रयोग झाला. पैसे जमा झाले की नाही हे पाहण्यासाठी बँकेत खेपा, तिथून सेवा केंद्रात, तिथून दुकानात. वृद्धांची आणि अपंगांची जी परवड झाली तिच्यामुळे लोक रस्त्यावर उतरले आणि पुढच्या वर्षी प्रयोग गुंडाळावा लागला. पोटात जाणारे धान्य काढून घेऊन त्याच्या बदली कागदावरची रक्कम देणे हे साहाय्य नव्हे, हा धडा तिथून घ्यावयास हवा. तसेच, ज्या गावात आरोग्य केंद्र आहे पण डॉक्टर नाही, तिथे 1500 रुपये खासगी दवाखान्यात जातील आणि गरिबाचा पैसा गरिबाच्या हातून फक्त वाहून जाईल. ‘पीएम-किसान’चे वर्षाला 6000 आणि त्यावर राज्याचे 6000 रुपये सातबाऱ्यावर नाव असलेल्यास मिळतात; भूमिहीन मजूर, आणि आयुष्यभर राबूनही उताऱ्यावर नाव न लागलेली शेतकऱ्याची बायको, यांची तिथे नोंदच नाही.

सर्वांत क्लेशदायक स्थिती निराधारांची आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 पासून चालू आहे. तीत विधवा, दुर्धर रोगाने पीडित अशांना आज 1500 रुपये मिळतात. पण त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो, म्हणजे महिन्याला 1750 रुपयांहून अधिक मिळविणारे घर या व्याख्येने निराधार उरत नाही. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आयुष्यभर खुरपे धरून ज्या बोटांच्या रेषा पुसल्या गेल्या, ती बोटे यंत्रावर उमटत नाहीत, आणि हक्काच्या पैशासाठी म्हातारीला तीन-तीन वेळा परत जावे लागते. 2025 मध्ये ‘लाडकी बहीण’च्या खातेदारांनाही ई-केवायसीचे बंधन आले. खऱ्याखोट्याची छाननी व्हावी यात वाद नाही. पण छाननीचा सारा भार अशक्त पक्षानेच का वाहावा?

आणि तारीख? ती अजून ठरलेली नाही. हप्ता कधी रक्षाबंधनाला, कधी भाऊबीजेच्या आधी, कधी निवडणुकीच्या तोंडावर, कधी दोन महिन्यांचा एकदम, असा येतो आणि त्याची घोषणा एखाद्या उपकारासारखी होते. ज्या गुणामुळे ही रक्कम मोलाची, तोच गुण तिच्यातून काढून घेतला जातो. याच महाराष्ट्राने 1972 च्या दुष्काळाच्या होरपळीतून जाताना वि. स. पागे यांच्या प्रेरणेने रोजगार हमीचा मार्ग चोखाळला, 1977 मध्ये तिचा कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आणला. मागेल त्याला काम हा तेव्हा हक्क ठरला, आणि पुढे साऱ्या देशाने तो उचलला. ज्या विधिमंडळाने कामाचा हक्क लेखी दिला, त्याला महिन्याची एक तारीख लेखी देणे अशक्य नाही, आणि ती चुकली तर विलंबाची भरपाई देणेही अशक्य नाही.

वाचकहो, दिवाळीला आपल्यापैकी पुष्कळजण गावी जाल. आपल्या आळीतल्या एखाद्या एकट्या वृद्धेकडे घटकाभर बसा, तिचे पासबुक उघडून गेल्या वर्षाचे हप्ते कोणकोणत्या दिवशी जमा झाले ते एका कागदावर उतरवा, तिचा हयातीचा दाखला बाकी असेल तर तिला सोबत घेऊन तहसील कचेरीत जा, आणि तो तारखांचा कागद, हप्ता ठरल्या तारखेस मिळावा अशा अर्जाला जोडून तिथे द्या व त्याची पोच घ्या.