बलोपासना आणि फलाची अपेक्षा

प्रयत्न करणाऱ्याने फलाची अपेक्षा किती ठेवावी, हा प्रश्न केवळ मुमुक्षूचा नाही. प्रपंचातही तो पावलोपावली उभा राहतो. शेती, व्यापार, विद्याभ्यास यांच्या फलात पावसापाण्याचा, बाजाराचा आणि इतरांच्या इच्छेचा वाटा इतका मिसळलेला असतो की, निराशा पदरी आली असता दोष प्रयत्नात होता की अपेक्षेत, हे निश्चयाने सांगता येत नाही. म्हणून जेथे फल किलोने मोजता येते अशा क्षेत्रात या प्रश्नाचा विचार करून पाहणे हितावह होय. बलोपासना हे असे क्षेत्र आहे, आणि तिच्यातील बेंच प्रेस हा प्रकार आज घरोघरच्या तरुणांच्या परिचयाचा झाला आहे. बाकावर उताणे निजावे, वजने लावलेली लोखंडी दांडी छातीपर्यंत खाली आणावी आणि हात सरळ होईपर्यंत वर ढकलावी, एवढीच ही क्रिया. आखाड्यात जोर काढताना छातीचे, खांद्याच्या पुढल्या भागाचे आणि दंडाच्या मागल्या बाजूचे जे स्नायू राबतात, तेच येथेही राबतात. भेद इतकाच की, जोरांत देहाचे वजन कायम राहून संख्या वाढते, आणि येथे वजनच वाढवता येते. मोहाचे बीज याच सोयीत आहे.

व्यायामशाळेतील मोठी दांडी सामान्यतः २० किलोची असते आणि लहान प्लेट सव्वा किलोची. ती दोन्ही बाजूंना लावली की अडीच किलो वाढतात. नवशिक्या तरुणास प्रारंभीचे काही आठवडे प्रत्येक आठवड्याला ही वाढ साधते, आणि तो मनाशी त्रैराशिक मांडतो. आज ३० किलो. आठवड्यास अडीच याप्रमाणे वर्षअखेर १६०. दोन वर्षांनी २९०. आणि अडीच वर्षांनी ३५५. आता २०२१ साली अमेरिकेच्या ज्युलियस मॅडॉक्स या महाबलाढ्य पुरुषाने उचललेला विक्रमी भार नेमका ३५५ किलोच होता! म्हणजे या हिशोबाने कोणताही विद्यार्थी पदवी मिळण्यापूर्वीच मॅडॉक्सच्या बरोबरीस जावा. तसे घडत नाही, हे सांगावयास नको. गणित चुकले नाही, गृहीत चुकले.

ते कोठे चुकले, हे पाहण्यास आपल्या शास्त्रपरंपरेतील एक विचार उपयोगी पडतो. वाक्याचा अर्थ कसा उमजतो याचे विवेचन करताना नैयायिक तीन गोष्टी आवश्यक मानतात: आकांक्षा, योग्यता आणि संनिधि. एका पदाला दुसऱ्या पदाची अपेक्षा असणे ही आकांक्षा. त्या पदांच्या अर्थांचा मेळ बसणे ही योग्यता. विस्तवाने शेत शिंपावे असे कोणी म्हटले, तर व्याकरण शुद्ध असूनही अर्थ बाधित होतो, कारण शिंपण्याची योग्यता विस्तवात नाही. आणि पदे लागोपाठ उच्चारली जाणे हा संनिधि. एक पद सकाळी व दुसरे सायंकाळी उच्चारले, तर वाक्यच बनत नाही. शब्दांशी नित्य झगडणाऱ्या माझ्यासारख्या अनुवादकास असे वाटते की, मनुष्याची प्रत्येक अपेक्षा हेही एक वाक्यच आहे. केवळ आकांक्षेने ते सार्थ होत नाही.

प्रथम योग्यता पाहू. प्रारंभीचे यश पुष्कळदा स्नायूंच्या वाढीचे नसते, ते मज्जासंस्थेच्या शिक्षणाचे असते. असलेल्याच स्नायुतंतूंपैकी अधिक तंतू एका वेळी कामास लावण्याची कला देह शिकतो, आणि म्हणून दंड जाड न होताही भार वाढतो. हे शिक्षण पुढे मंदावते. नंतरची वाढ प्रत्यक्ष स्नायू घडण्यावर अवलंबून राहते, आणि ते काम आहार, निद्रा व काल यांच्या अधीन असते. म्हणून पहिल्या काही महिन्यांत आठवड्याची भाषा बोलावी, पुढे महिन्याची, आणि काही वर्षे लोटल्यावर वर्षाची. निरोगी प्रौढ पुरुषाने वर्षा-दोन वर्षांच्या नेटक्या अभ्यासाने स्वतःच्या देहाइतके वजन एकदा शुद्धपणे उचलले, तर ते समाधान मानण्याजोगे यश समजावे. अनेक वर्षांच्या अभ्यासकास वर्षाकाठी पाच किलोंची वाढदेखील थोडी नव्हे.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक विवेक हवा. त्यांचे हात, खांदे व छाती यांचे बळ पुरुषांच्या मानाने सामान्यतः कमी असते. कित्येकींना प्रारंभी २० किलोची रिकामी दांडीही जड होते. अडीच किलो हे शंभर किलोंचा चाळिसावा भाग आहेत, पण पंचवीस किलोंचा दहावा. एकच प्लेट एकास पायरी असते आणि दुसऱ्यास भिंत. त्यामुळे लहान वजनांनी चढणारी भगिनी मागे आहे असे समजू नये. ती आपल्या मानाने तितकीच चढत आहे.

परंतु योग्यता बाह्य आकारावरून ठरवू नये, हेही तितकेच खरे. पंजाबच्या राजिंदरसिंग राहेलू यांचे पाय बालपणीच पोलिओने अधू झाले होते. २००४ साली अथेन्सच्या पॅरालिंपिक स्पर्धांत, ५६ किलो वजनगटात, त्यांनी १५७.५ किलो उचलून कांस्यपदक मिळवले. कॅनडाचा डग हेपबर्न जन्मतः एका पायाने सदोष होता. १९५३ साली तो भारोत्तोलनात जगज्जेता झाला, आणि बेंच प्रेसमध्येही त्याने त्या काळी अपूर्व वाटणारे भार उचलले. त्याची पद्धत ध्यानात घेण्याजोगी आहे. एकच वजन कायम ठेवून प्रत्येक खेपेस फक्त एक आवृत्ती वाढवावयाची, आणि ठरलेल्या आवृत्त्या पुऱ्या झाल्यावरच किंचित भार चढवावयाचा. ज्याची आकांक्षा जगाएवढी होती, त्याची दैनंदिन अपेक्षा एका आवृत्तीएवढी होती.

तिसरे अंग संनिधि, म्हणजेच अभ्यासातील जवळीक. आठवड्यातून दोन-तीन वेळा, मध्ये विश्रांती देऊन केलेला व्यायाम परस्परांशी जोडला जातो. एक दिवस अतोनात कष्ट आणि मग पंधरा दिवस विस्मृती, ही विखुरलेली पदे होत. गृहस्थाच्या मार्गात लग्नसराई, आजारपण, प्रवास, उपवास हे येणारच. त्यांचा हिशोब अपेक्षेत आधीच धरावा. खंडानंतर दोन पावले मागे येऊन आरंभ करण्यात अप्रतिष्ठा नाही. एकदा कमावलेले बळ पुन्हा मिळवण्यास पहिल्याइतका काळ लागत नाही.

येथे कोणी म्हणेल, “फलाची आसक्ती सोडावी हाच गीतेचा उपदेश असता, किलोंचा हा हिशोब कशाला?” यावर उत्तर असे की, आसक्ती सोडणे आणि ज्ञान सोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्वारी किती महिन्यांनी हाती येते हे शेतकऱ्यास ठाऊक असते. त्या ज्ञानाने तो लोभी होत नाही, उलट कोवळे कणीस ओढून पाहण्याच्या उतावळेपणापासून वाचतो. दुसरा आक्षेप असा येईल की, मर्यादा सांगितल्याने तरुणांचा उत्साह मावळेल. वस्तुतः उत्साह मावळतो तो खोट्या वचनाने. तीन महिन्यांत शंभर किलोंचे स्वप्न पाहिलेला मुलगा साठ किलोंवर स्वतःस अपयशी समजून घरी बसतो, जेव्हा ते साठ किलो अभिमानास्पद होते.

आणि जो घरी बसत नाही, त्याचे काय होते हे अधिक चिंत्य आहे. अयोग्य अपेक्षा मनुष्यास हळूहळू असत्याकडे नेते. दांडी छातीला न टेकवताच तो वर ढकलतो, किंवा छातीवर आपटून उसळी घेतो. कंबर बाकावरून उचलतो. मदतनीसाने दोन्ही हातांनी सावरलेला भार स्वतःच्या नावावर मांडतो. पुढे खांदा दुखावतो. आणि त्याहून भयंकर म्हणजे बलवर्धक संप्रेरकांची सुई घेण्याचा मोह होतो, ज्यापायी हृदयास व यकृतास गंभीर अपाय होऊ शकतो. म्हणजे अपेक्षा योग्य राखणे हा केवळ चातुर्याचा भाग नसून सत्य आणि अहिंसा यांचा भाग आहे. आणि त्या अहिंसेचा पहिला अधिकारी स्वतःचा देह होय.

तात्पर्य, ज्या घरात तरुण मुलगा वा मुलगी ही उपासना करीत असेल, तेथील वडीलधाऱ्यांनी “किती उचलतोस?” एवढेच न विचारता “कसे उचलतोस, आणि गेल्या महिन्याहून शुद्ध उचलतोस का?” असे विचारावे. साधकाने एक लहान वही ठेवावी, तीत खरे तेच लिहावे, आणि भारी वजनाच्या वेळी कोणी जाणता जवळ असल्याशिवाय दांडीखाली निजू नये. शेजाऱ्याची वही आपल्या वहीशी ताडून पाहू नये. आकांक्षा मोठी असावी, त्यात दोष नाही. तिला योग्यतेचा आधार आणि नित्य अभ्यासाचा सहवास मिळाला, म्हणजे जे फल येईल ते थोडे असो वा अधिक, ते आपलेच असेल. आणि ते स्वीकारताना मनास लाज वाटणार नाही.