काठावरही आणि नावेतही



बुडणारं जहाज, पेटलेली आगगाडी, दुभंगणारी जमीन, शहर गिळायला निघालेली लाट... असे सिनेमे बघायला आपल्याला मनापासून आवडतं. पण चारचौघांत ते कबूल करताना जीभ अडखळते. ‘टायटॅनिक’ आवडला असं सांगताना आपण त्यातल्या प्रेमकथेचं नाव पुढे करतो. खरं तर जहाज हिमनगावर कधी आदळतंय, याचीच आपण श्वास रोखून वाट पाहत असतो. 1980 साली ‘द बर्निंग ट्रेन’ आला. जळत धावणारी ती गाडी एका पिढीच्या लक्षात राहिली. 2009 मध्ये ‘2012’ हा सिनेमा हिंदी बोलत आपल्याकडे आला, तेव्हा घरंच्या घरं तो बघायला गेली. समोर जग बुडतंय आणि आपण मजेत बघतोय! मग घरी परतताना मनात बारीकशी टोचणी लागते. इतकी माणसं मेलेली दाखवली, आणि आपल्याला मजा कशी आली?

या टोचणीबद्दल आज थोडं बोलूया. सातारा आणि सांगलीच्या माणसाला तर हा प्रश्न जास्तच जवळचा आहे. संकट आपल्या दाराशी खरोखर येऊन गेलंय. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, माणसं गाढ झोपेत असताना, कोयनेची भूमी हादरली आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. 2005, 2019 आणि 2021 साली कृष्णा सांगलीच्या पेठांत शिरली. त्याच 2021 च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर आणि मीरगावावर रात्री डोंगर उतरला. अशा मुलखातल्या माणसाने पडद्यावरच्या प्रलयात रंगून जावं, हे बरं दिसतं का?

माझं उत्तर असं आहे, की त्यात काहीही वाईट नाही. ते का, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं.

दोन हजार वर्षांपूर्वी ल्युक्रेशियस नावाच्या रोमन कवीने या सुखाचा विचार केला होता. वादळात सापडलेलं जहाज काठावरून बघणाऱ्याला एक गोडी वाटते, असं त्याने लिहिलं. दुसऱ्याचं दुःख गोड लागतं म्हणून नव्हे, तर आपण त्यातून सुटलोय याची जाणीव होते म्हणून. हे खरंच आहे. पण एवढ्याने भागत नाही. नुसतं सुटल्याचं सुख असतं, तर पडद्यावरचा बाप मुलाचा हात धरून धावतो तेव्हा आपली मूठ का आवळली गेली असती? अनोळखी म्हातारी वाचल्यावर आपले डोळे का भरून आले असते?

याचं उत्तर आपल्याच माणसाने दिलेलं आहे. न. चिं. केळकर. लोकमान्य टिळकांनी पुण्याला बोलावून घेण्यापूर्वी ते साताऱ्यात वकिली करत होते. 1921 साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी ‘सविकल्प समाधी’चा विचार मांडला. वाचक किंवा प्रेक्षक दुसऱ्याच्या जिवाशी एकरूप होतो, पण त्याच वेळी स्वतःचं भान सोडत नाही. तो एकाच क्षणी दोन माणसं असतो, आणि कलेचा आनंद त्या दोनपणातून येतो. ल्युक्रेशियसचा माणूस फक्त काठावर उभा आहे. केळकरांचा प्रेक्षक काठावरही आहे आणि नावेतही आहे.

भीतीत रमण्याची ही आवड आपल्या मातीत जुनी आहे. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 1843 साली ‘सीता स्वयंवर’ केलं आणि मराठी रंगभूमी उभी राहिली. त्या परंपरेतल्या पौराणिक नाटकांत राक्षस ‘अललडुर्र’ अशा आरोळ्या ठोकत प्रवेश करत. माणसं दचकत, पोरं आईला बिलगत आणि पुढच्या खेळाला पुन्हा येऊन बसत. आपल्याकडे भरतमुनींनी तर भयानक हा एक रसच मानला आहे. भीतीचा रस होऊ शकतो, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना कधीच खटकली नाही. आज तोफेसारखा आवाज करणारे स्पीकर आले, संगणकावर लाटा उठू लागल्या. प्रेक्षकाचं मन मात्र तेच आहे.

आणि या रमण्यातून काही हाताला लागतंही. 2020 च्या टाळेबंदीत जगभर लोकांनी ‘कन्टेजन’ हा नऊ वर्षांपूर्वीचा साथीच्या रोगावरचा सिनेमा शोधून शोधून पाहिला. घराबाहेर भीती असताना घरात तीच भीती का पाहावी? पडद्यावर तिला सुरुवात, मध्य आणि शेवट आहे, हे बघायला मिळतं म्हणून. मानसशास्त्रज्ञांनी त्या काळात केलेला एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. जगबुडीचे आणि तशाच प्रलयाचे सिनेमे आवडीने बघणारी माणसं महामारीला मनाने जास्त तयार होती, असं त्यात आढळलं. एका अभ्यासावर सगळा भार टाकू नये. पण भीतीची तालीम होते, हे आपल्या अनुभवालाही पटणारं आहे.

या सिनेमांतली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जवळजवळ प्रत्येक कथेत एक माणूस आधीच सांगत असतो, की काहीतरी बिघडतंय. बहुतेकदा त्याचं कुणी ऐकत नाही, आणि ऐकलं तरी त्याला वाचवत नाही. ‘2012’ मध्ये पहिला सुगावा लागतो तो भारतातल्या एका शास्त्रज्ञाला. शेवटी त्याला न्यायला येणारं विमान येतच नाही आणि लाट त्याला कुटुंबासकट घेऊन जाते. आपण खुर्चीतून कळवळून म्हणत असतो, अरे, त्याचं ऐका! ते म्हणणं अगदी खरं असतं. प्रश्न एवढाच, की सिनेमागृहाबाहेर आल्यावर आपण कुणाचं ऐकतो का?

इथून मी तुम्हाला आयर्विन पुलावर घेऊन जाणार आहे. 1929 पासून उभ्या असलेल्या या पुलापाशी सांगली आपली कृष्णामाई मोजते. 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं होतं. पाऊस लागला, कोयना धरणातून विसर्ग वाढला, की गावात एकच विचारणा सुरू होते, ‘पाणी किती फुटांवर गेलं?’ सखल सूर्यवंशी प्लॉटातल्या बाईच्या तोंडी हा प्रश्न येतो तेव्हा त्यामागे धान्याची पोती असतात, पोरांची दप्तरं असतात, माळ्यावर काय चढवायचं याचा हिशेब असतो. आणि उंचावर राहणारा कुणी ‘चला, पाणी बघायला जाऊ’ म्हणत मोबाईल काढून पुलाकडे निघतो, तेव्हा त्याच्याही तोंडी हाच प्रश्न असतो.

मनाची ओढ तीच आहे, हे मी मान्य करतो. रोंरावणारं पाणी पाहून थक्क होणं हा काही गुन्हा नाही. पण इथे एक अट मोडलेली असते. पडद्यासमोर आपण काठावरही असू शकतो आणि नावेतही, कारण तिथे खरं कुणी बुडत नाही. खऱ्या पाण्यासमोर ही दोन्ही सुखं एकदम मिळत नाहीत. तिथे एकच जागा निवडावी लागते. काठावर नुसती गर्दी केली, तर बोट घेऊन येणाऱ्या जवानांची वाट आपणच अडवतो. आणि सिनेमातल्या नायकासारखी पाण्यात उडी घ्यायची, तर तिथे दुसरा टेक मिळत नाही. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्या माणसांनी भरलेली नाव उलटली. ज्या घरांतली माणसं त्या दिवशी गेली, त्यांची आठवण ठेवून सांगतो, की पुरातली बोट, तिच्यात किती माणसं बसवायची याची मर्यादा आणि अंगातलं लाइफ जॅकेट या गोष्टी धाडसापेक्षा मोठ्या आहेत.

सिनेमा आणखी एका बाबतीत आपली नजर बिघडवतो. तो वेगावर जगतो. लाट आली, पूल कोसळला, माणसं वाचली, संगीत चढलं, संपला. खरा पूर मात्र पाणी ओसरल्यावर घरात घुसतो. गुडघाभर गाळ, फुगलेली दारं, भिजलेली सातबाऱ्याची कागदं, दावणीची मेलेली म्हैस, पंचनाम्यासाठीच्या रांगा. त्याला पडदा मिळत नाही. आणि दुष्काळाला तर मुळीच नाही. 2019 च्या त्याच पावसाळ्यात सांगली शहर पाण्यात होतं आणि आपल्याच जिल्ह्यातल्या जत, आटपाडीत टँकर फिरत होते. साताऱ्यातल्या माण-खटावच्या चारा छावण्यांत जनावरांसोबत माणसांनी दिवस काढले. त्यात थरार नाही, म्हणून ते संकट लहान ठरत नाही. सावकाश येणारं संकट बघायला डोळ्यांना मुद्दाम शिकवावं लागतं.

मग ती टोचणी? ती असू द्या. ती लागते याचा अर्थ आपलं मन जागेवर आहे. फक्त तिची जागा बदलूया. सिनेमा बघताना तिला शांत बसवा. भ्यायचं तर मनसोक्त भ्या, रडू आलं तर रडा, लेकरं घाबरली तर जवळ घ्या आणि पुढच्या रविवारी पुन्हा बघा. पण कोयनेच्या विसर्गाची बातमी लागली, दरडीचा इशारा आला, की तिला बोलू द्या. कारण आता आपण प्रेक्षक राहिलेलो नसतो. आता आपण शेजारी असतो.

2019 मध्ये हे शेजारपण आपण पाहिलंय. पाणी न शिरलेल्या गावांतून भाकऱ्यांची गाठोडी निघाली, कुणी चारा पाठवला, कुणी कोरडे कपडे. पाणी उतरल्यावर अनोळखी तरुण दुसऱ्याच्या घरातला गाळ उपसायला आले. पडद्यावर शेवटी ज्या गोष्टीने आपले डोळे भरतात, ती हीच असते. अनोळखी माणूस अनोळखी माणसाचा हात धरतो. प्रलय बघायला आपण जातो खरे, पण बघून परततो ते हा हात.

म्हणून यंदाच्या पावसाळ्यासाठी दोनच गोष्टी सुचवतो. नदीकाठी किंवा डोंगराच्या पायथ्याशी राहत असाल, तर महत्त्वाची कागदं, औषधं आणि बॅटरी एका पिशवीत आजच भरून ठेवा आणि सूचना आली की पहिल्या हाकेला निघा. सिनेमातल्या त्या शास्त्रज्ञाचं ऐकण्याची आपली वेळ ती हीच. आणि तुमचं घर उंचावर असेल, तर पाणी बघायला पुलावर जाण्याआधी सखल भागातल्या एका ओळखीच्या घरी फोन करा आणि विचारा, ‘सामान हलवायला येऊ का?’