वारसा: माणसाचा की मातीचा?

मृताची मालमत्ता दोन-तीन राज्यांत विखुरली असेल, तर वाटणीचा नियम कुठला लावायचा: तो माणूस ज्या परंपरेतला तिचा, की जमीन जिथे आहे तिथला? धर्मशास्त्र देशाचार आणि कुलाचार दोन्ही प्रमाण मानते. कुटुंबाने गाव सोडले की या दोहोंत तंटा उभा राहतो.

कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने लिहिलेल्या ‘मिताक्षरे’नुसार वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचे स्वत्व जन्मतःच येते. बंगालात प्रमाण मानलेला जीमूतवाहनाचा ‘दायभाग’ ते पित्याचे स्वत्व संपल्यावरच मानतो. मग बंगालात स्थायिक झालेल्या मराठी घराचे काय? इंग्रजी अमलातील न्यायालयांनी कुलाचाराला झुकते माप दिले. स्थलांतर करणारे कुटुंब आपले शास्त्र बरोबर नेते, असे ते उलट पुरावा मिळेपर्यंत गृहीत धरत.

गोव्याचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथला पोर्तुगीज काळापासून चालत आलेला नागरी कायदा मुख्यतः धर्म न पाहता प्रदेशाला लागू होतो आणि अर्धी मालमत्ता हक्काच्या वारसांसाठी राखतो. पण 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की अधिवासी गोवेकराची मुंबईतील मालमत्ताही त्याच कायद्याने वाटली जाईल. मातीचा कायदा असा माणसाच्या पाठीशी लागला. हा निर्णय तर्काला धरून आहे; एकाच माणसाचे दोन वारसाक्रम मानणे विचित्रच. काही राज्यांत शेतजमीन मात्र हे तत्त्व जुमानत नाही. उत्तर प्रदेशात तिचे वारस तिथली 2006 ची महसूल संहिता ठरवते.

बँकेतील ठेवी आणि शेअर यांचे काम सोपे. मृत जिथे राहत होता तिथल्या जिल्हा न्यायालयाचे वारसा प्रमाणपत्र भारतभर चालते. तरी त्याने पैसे देणारा सुरक्षित होतो, एवढेच. घेणारा मालक ठरत नाही. शेअरच्या नॉमिनीबाबतही सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये तेच सांगितले. धन हाती येणे वेगळे आणि ते आपले असणे वेगळे, हा भेद घरातल्या वाटपात सर्रास विसरला जातो.

धनाबरोबर ऋणही येते. शास्त्राने पित्याचे कर्ज फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य मानले आणि न्यायालयांनीही ते दीर्घकाळ बजावून घेतले. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने, त्यानंतरच्या कर्जांपुरता, केवळ या कर्तव्यावर विसंबून मुलावर दावा लावण्याचा सावकाराचा मार्ग बंद केला. वारसाची जबाबदारी आता मिळालेल्या मालमत्तेपुरतीच आहे.