आधी त्यांची भाषा, मग आपली
(मिशन रविवारचे चिंतन)



ऑक्टोबर महिना हा जसा पवित्र जपमाळेचा महिना, तसाच तो मिशनचा महिना. १९२६ साली पोप पायस अकरावे यांनी ऑक्टोबरमधील शेवटून दुसरा रविवार ‘मिशन रविवार’ म्हणून ठरवून दिला. या दिवशी जगभरातील चर्चमध्ये मिशनसाठी प्रार्थना होते आणि दान गोळा केले जाते.

‘मिशनरी’ म्हटले की अजूनही आपल्या डोळ्यांसमोर लांब झगा, दाढी आणि गोरा चेहरा उभा राहतो. पण आज चित्र पालटले आहे. ज्या भारतात परदेशातून फादर येत होते, त्याच भारतातून आता फादर आणि सिस्टर्स परदेशी जात आहेत. फ्रान्सच्या ज्या मिशनरींनी आपल्या मराठवाड्यात मिशनचे काम केले, त्यांच्याच संघाचे, म्हणजे संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या मिशनरी संघाचे, भारतीय फादर आज टांझानिया, केनिया, युगांडा या देशांत आहेत. तिथे गेल्यावर मिशनरीच्या वाट्याला अनेकदा पहिले काम येते ते शाळेचे, आणि पुष्कळदा हातात येतो इंग्रजीचा तास.

ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात तसे नाही. टांझानियाचेच उदाहरण घ्या. तिथे सरकारी प्राथमिक शाळेत मुले स्वाहिली भाषेतून शिकतात आणि माध्यमिक शाळेत गेल्यावर सगळे विषय एकदम इंग्रजीतून सुरू होतात. काल वर्गात हात वर करणारे मूल आज गप्प बसते. त्याला गणित येत नाही असे नाही, प्रश्नच कळत नाही. आपल्या मराठवाड्यातील पालकांना हे समजावून सांगायला नको. खेड्यातील मराठी शाळेत पहिला येणारा मुलगा शहरातील कॉलेजात जातो आणि मागच्या बाकावर खाली मान घालून बसतो, हे आपण पाहिले आहे. अशा मुलापुढे जो शिक्षक उभा राहतो, त्याला इंग्रजी उत्तम येऊन भागत नाही. त्या मुलाची भाषा थोडी तरी यावी लागते. म्हणून तिथे गेलेल्या मिशनरीला शिकवायच्या आधी स्वतः विद्यार्थी व्हावे लागते. चाळिशीतल्या माणसाला बालवाडीतल्या पोरासारखे शब्द गिरवावे लागतात. चूक झाली की मुले हसतात, आणि ते हसणे गोड मानून घ्यावे लागते. माझ्या मते मिशनरी जीवनाची खरी दीक्षा इथेच मिळते.

आपल्याकडे आलेल्या मिशनरींचीही कथा हीच होती. फादर पीटर मर्मिये यांनी १८३८ साली आनसी येथे या संघाची स्थापना केली आणि १८४६ साली त्याचे पहिले मिशनरी विशाखापट्टणमला पोचले. या लोकांची मातृभाषा फ्रेंच. पुढे त्यांच्या संघाने भारतात इंग्रजी शाळा चालवल्या. पण ज्यांनी पाया घातला त्यांना इंग्रजी हीसुद्धा शिकावी लागलेली भाषा होती. आणि आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. इथल्या खेड्यांत फ्रेंचही चालणार नव्हती आणि इंग्रजीही. फादर गुरियन जाकिए यांची आठवण घोगरगावच्या परिसरात आजही काढली जाते, ती त्यांना किती भाषा येत होत्या म्हणून नव्हे. ते गोरगरिबांचे होऊन राहिले म्हणून.

त्याहीपूर्वीचा एक दाखला द्यावासा वाटतो. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी फादर थॉमस स्टीफन्स गोव्याला उतरले. ते इंग्लंडचे. इंग्रजी ही त्यांची आईची भाषा. पुढील सुमारे ४० वर्षे, म्हणजे १६१९ साली मरण येईपर्यंत, ते याच भूमीवर राहिले. एवढ्या काळात त्यांनी इथल्या भाविकांसाठी काय केले? त्यांना इंग्रजीकडे नेण्याऐवजी ते स्वतः मराठीकडे आणि कोकणीकडे आले. ओवी शिकले आणि सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. त्यांनी लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली प्रसिद्ध झाले. मराठी भाषेचे थोरपण त्यांनी जितक्या प्रेमाने गायिले, तितक्या प्रेमाने आपण तरी गातो का?

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या काळच्या गोव्यात धर्मप्रसाराच्या पाठीशी पोर्तुगीज सत्तेचा जोरही होता, आणि लोकांची जुनी पुराणे त्यांच्या हातून गेली होती. नवे पुराण हवे होते त्यामागे हेही एक कारण होते. आपल्या ख्रिस्तसभेने या विषयावर पुढे खोल विचार केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी मिशनकार्यावरचा आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला. कोणालाही श्रद्धेसाठी बळजबरी करू नये, अयोग्य मार्गांनी भुलवू नये, असे त्यात ठामपणे सांगितले आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही २००७ साली ब्राझीलमध्ये हेच सांगितले, की ख्रिस्तसभा माणसे ओढून आणून वाढत नाही, ख्रिस्ताच्या प्रीतीच्या आकर्षणाने वाढते.

बंधुभगिनींनो, इंग्रजी शिकवणाऱ्या मिशनरीची खरी कसोटी हीच आहे. आज इंग्रजीला मोल आहे. इंग्रजी म्हणजे नोकरी, इंग्रजी म्हणजे मान. ज्याच्या हाती अशी वस्तू आहे त्याला तिचा गळ करण्याचा मोह होऊ शकतो. पण गळाला लागतो तो मासा, शिष्य नव्हे. इंग्रजीचा तास हा इंग्रजीचाच तास असला पाहिजे, पूर्ण तयारीने घेतलेला आणि कोणतीही अट न घालता दिलेला. मूल कोणत्याही धर्माचे असो, ते शिकून मोठे झाले यातच आपल्याला आनंद वाटला पाहिजे. मग कोणी विचारले, “तुम्ही आमच्यासाठी एवढे का करता?” तर त्या वेळी येशूचे नाव मोकळ्या मनाने आणि न लाजता सांगावे.

आपल्या धर्मप्रांताचे कॅथेड्रल ज्यांच्या नावाने उभे आहे, त्या संत फ्रान्सिस द सेल्स यांनी हेच केले. त्यांना मार्टिन नावाचा एक मूकबधिर माणूस भेटला. त्या काळी अशा माणसाला शिकवता येते यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. बिशप असलेले फ्रान्सिस त्याच्याशी हातवाऱ्यांनी बोलू लागले, त्याच्या खुणा शिकले, आपल्या खुणा त्याला शिकवल्या आणि त्याला ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी तयार केले. म्हणून ते मूकबधिरांचेही आश्रयदाते संत मानले जातात. प्रभू येशूनेही बहिऱ्या माणसाला बरे करताना आधी त्याला गर्दीतून बाजूला घेतले, त्याच्या कानांना आणि जिभेला स्पर्श केला. ज्याला ऐकू येत नाही त्याला कळेल अशा रीतीने प्रभू वागला. पेन्टेकॉस्टच्या दिवशीही पवित्र आत्म्याने सर्वांना एक भाषा बोलायला लावली नाही. प्रत्येकाला आपापल्या भाषेत देवाची महत्कृत्ये ऐकू आली.

मग आपण काय करावे? आपल्यापैकी फार थोडे जण परदेशी जातील. पण संत तेरेजा कॉन्व्हेंटची भिंत न ओलांडता १९२७ साली मिशनची आश्रयदाती ठरली, हे विसरू नका. आजपासून तीन गोष्टी करूया.

पहिली, ज्यांना चांगले इंग्रजी येते त्यांनी आठवड्यातून एक तास एखाद्या गरीब मुलाला द्यावा. ते आपल्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाईंचे असो, वॉचमनचे असो. फी नको, अट नको, फोटोही नको.

दुसरी, घरातील संध्याकाळची प्रार्थना मराठीतच म्हणा. मुलांना इंग्रजी शाळेत अवश्य घाला. पण आजीबरोबर जपमाळ म्हणता येत नसेल, तर त्या मुलाने काहीतरी मोलाचे गमावले. आजीची भाषा हरवली, की आजीची श्रद्धाही अर्धीच त्याच्यापर्यंत पोचते.

तिसरी, दूरदेशी गेलेल्या आपल्या फादर-सिस्टर्सना विसरू नका. पहिल्या वर्षी परकी भाषा बोलताना माणूस फार एकटा पडतो. मनात पुष्कळ असते, तोंडातून चार शब्द निघतात. ज्यांच्या घरची मुलगी सिस्टर होऊन अशी दूर गेली आहे, त्या आईवडिलांची आज मिस्सानंतर आवर्जून विचारपूस करा. लेकीला देवासाठी देणे म्हणजे काय, हे त्या घरालाच ठाऊक.

संत पौल आपल्याला बजावतो, की माणसांच्या आणि देवदूतांच्याही भाषा आल्या, पण प्रीती नसली, तर ते सारे नुसते वाजणारे भांडे आहे. व्याकरण चुकले तरी मुले समजून घेतात. प्रीती नसलेली मात्र त्यांना लगेच कळते.

हे प्रभो, तू आमची भाषा बोलण्यासाठी आमच्यात माणूस झालास. तुझ्या नावाने दूरदेशी शिकवणाऱ्या सर्वांना धीर दे, त्यांच्या अडखळणाऱ्या शब्दांना आशीर्वाद दे, आणि आमच्या धर्मग्रामातूनही तुझ्या मळ्यासाठी कामकरी पाठव. आमेन.