औदासीन्य आणि वैराग्य

जोयडा तालुक्यात पावसाळा लागला की मनही मलूल होते. त्यात नवल नाही. परंतु दिवाळी उलटली, पालखी निघाली, तरी ज्याच्या मनावरचे मळभ हटत नाही, त्याचे काय? असा माणूस शेतात राबतो, आरतीला उभा राहतो. आनंद मात्र त्याला कशातच नाही. आपण कौतुकाने म्हणतो, 'यांना विरक्ती आली!'

येथेच आपली गल्लत होते. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताला 'उदासीन' म्हटले आहे खरे; पण त्याच श्लोकात तो 'दक्ष' आणि 'गतव्यथ'ही आहे. व्यथा तशीच राहून केवळ जीवनरस आटला, तर ते वैराग्य कसले? दोन वर्षे वा अधिक काळ, बहुतेक दिवस खिन्नता, जोडीला थकवा, निद्रेत वा भुकेत बिघाड, स्वतःविषयी हीनभाव. वैद्यकाच्या दृष्टीने हा व्याधीच. तिला सौम्य म्हणतात, पण तो शब्द फसवा आहे. रोगी तिलाच आपला स्वभाव समजू लागतो.

जुने सुपे काळी नदीच्या धरणात बुडाले. त्याच्या आठवणीने डोळे पुसणारा वृद्ध रोगी नव्हे. शोकाला भरती-ओहोटी असते, या खिन्नतेला ओहोटी ठाऊक नाही.

थायरॉइड मंदावल्यानेही अशीच लक्षणे दिसतात, म्हणून ती तपासणी आधी करावी. मग समुपदेशन, आणि गरज पडल्यास औषध. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरे वाटताच ते आपल्या मनाने सोडू नये. धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. २०२२ मध्ये १४४१६ हा विनामूल्य सल्ल्याचा दूरध्वनी क्रमांकही सुरू झाला. देवाला कौल लावू नये, असे मी म्हणत नाही. कौल लावावा, आणि धारवाडची गाडीही पकडावी.